मोगऱ्याची चादर

माझ्या लग्नातल्या फुलांची तारीफ आजही होते. माहेरी गेले की कुणीतरी बाई भेटतेच आणि म्हणते, काय गं बाई ती चादर, अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी हसून मान डोलावते. दुसरं करणार काय? ती चादर मीच पसंत केली होती, आणि का पसंत केली ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आज लिहून टाकते. निदान पुढच्या वेळी हसताना गाल तरी दुखणार नाहीत.

आम्ही देवळाली प्रवऱ्याचे. वडील कारखान्यात नोकरीला, घरचा थोडा ऊस, आणि मी एकुलती एक. स्थळ नगरचं आलं. मुलगा पुण्यात नोकरी करणारा, त्याचे वडील लवकर गेलेले, आई शाळेत शिकवून निवृत्त झालेली. माणसं साधी वाटली, सुपारी फुटली, साखरपुडा झाला आणि मे महिन्यातली तारीख धरली. लग्न आमच्याकडं, नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका लॉन्समध्ये. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तरीही आईला रात्रंदिवस एकच घोर होता. तो घोर म्हणजे माझा मामा.

मामा आईचा थोरला भाऊ. शेवगावकडं एका खेड्यात एकटाच राहतो, कपाशी-तूर करतो, दोन गाई सांभाळतो. त्याला कोड आहे. अर्धा चेहरा पांढरा, दोन्ही हात पांढरे, ओठांच्या कडा पांढऱ्या. भर उन्हाळ्यातसुद्धा तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, मनगटाची बटणं लावून, आणि गळ्याभोवती उपरणं गुंडाळतो. कोड लागत नाही, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, हे शाळेच्या पुस्तकातसुद्धा असतं. पण सोयरीक जुळवताना आमच्याकडं पुस्तक कोण उघडतं? तिथं एवढंच बघतात की मुलीच्या मामाला आहे, म्हणजे उद्या मुलीलाही होईल, तिच्या पोरांनाही होईल.

मी सहा वर्षांची असताना आईला टीबी झाला आणि मला दोन वर्षं मामाकडं ठेवलं. पहिली आणि दुसरी मी तिथंच शिकले. आजी तेव्हा नुकतीच गेली होती, घरात तो आणि मी. सकाळी तो माझ्या वेण्या घालायचा. इतक्या आवळून की डोळे तिरपे व्हायचे, आणि मी रडले की म्हणायचा, सैल घातल्या तर शाळेत पोचेपर्यंत सुटत्यात. भाकरी तो थापायचा, पण माझ्या हातात कधी द्यायचा नाही. ताटात ठेवायचा आणि हात मागं घ्यायचा. मला वाटायचं, गरम असते म्हणून. शेजारची बाई एकदा त्याच्यासमोरच म्हणाली की लेकराला आपल्या हातचं खाऊ घालू नका. दुसऱ्या दिवशी त्यानं मला तिच्याकडं जेवायला पाठवलं. मी तिच्या दारातून परत आले आणि दोन दिवस कुणाशीच बोलले नाही. तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि आजच्यापेक्षा बरी होते.

मामाचं लग्न झालं नाही. म्हणजे जवळजवळ झालं होतं. ही गोष्ट मला आईनं सांगितली, तीसुद्धा एकदाच. तेव्हा त्याला कोड नुकतं सुरू झालेलं, फक्त पाठीवर आणि छातीवर. आजोबांनी मुलीकडच्यांना सांगितलं नाही, मामाला सांगू दिलं नाही. शर्टाखाली आहे, कोण बघतंय, लग्न होऊन जाईल, मग बघू. वऱ्हाड आदल्या दिवशी मुलीच्या गावाला गेलं. हळद तिथंच होती. नवऱ्या मुलाला पाटावर बसवलं आणि हळद लावायला शर्ट काढायला सांगितला. मुलीच्या मावशीनं हळदीचा हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. पुढं काय बोलणी झाली, कोण कुणावर धावून गेलं, ते आईनं सांगितलं नाही. वऱ्हाडाचा ट्रक नवरीशिवाय परत आला. त्या ट्रकमध्ये आई होती, चौदा वर्षांची. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता, अंगाची हळद तशीच.

त्या दिवसातून आईनं एकच गोष्ट शिकून घेतली, की दिसता कामा नये. आजोबांनी लपवलं ही चूक, असं तिला कधी वाटलं नाही. नीट लपवलं नाही, ही चूक.

म्हणून माझ्यासाठी स्थळं बघायला लागल्यापासून ती मामाला लपवत आली. बायोडेटावर मामाचं नाव-गाव लिहावं लागतं. आई म्हणाली, जागा कोरी सोडू. वडील म्हणाले, कोरी सोडली तर जास्त चौकशी होते. मग नाव-गाव लिहिलं आणि देवावर हवाला ठेवला. बघायचा कार्यक्रम झाला तेव्हा मामाची कपाशी वेचायची होती. सुपारीच्या वेळी त्याचा गुडघा दुखत होता. साखरपुड्याला गाय व्यायला झाली होती. ही सगळी कारणं आईनं शोधली. मामाला फोन करून ती नुसतं म्हणायची, "दादा, या खेपेला राहू दे," आणि तो म्हणायचा, "बरं." का म्हणून त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आईची निदान पंचाईत तरी झाली असती.

लग्नात मात्र राहू दे म्हणून भागण्यासारखं नव्हतं. नवरी मामानं दिलेली पिवळी साडी नेसून गौरीहराला बसते आणि तिथून तिला मांडवात आणतो तो मामाच. गुरुजी माईकवरून हाक मारतात आणि हजार माणसं त्या वाटेकडं माना वळवतात. मंगलाष्टका संपेपर्यंत मामा नवरीच्या मागं उभा असतो. लग्नात एखाद्याला लपवायचंच असेल तर मामा सोडून कुणालाही लपवता येतं.

या घोरात असतानाच आम्ही दोघी डेकोरेशन ठरवायला नगरला गेलो.

दुकान थंडगार होतं. भिंतीभर लग्नांचे फोटो, मधे काचेचं टेबल, आणि टेबलापलीकडं दाढी कोरलेला डेकोरेटर. त्यानं आधी थीम विचारली. मी म्हणाले, झेंडू आणि शेवंती चालेल, पिवळं-केशरी. तो इतका समजुतीनं हसला की मला आपण काहीतरी गावंढळ बोललो असं वाटलं. झेंडू आता गेटला आणि गाडीला, ताई. स्टेजला पेस्टल चालतं. मे महिन्यात खरी फुलं दोन तासांत माना टाकतात, त्यामुळं स्टेज सगळं आर्टिफिशियल, फक्त पुढच्या रांगेत खरे गुलाब आणि कार्नेशन लावू, फोटोत कळत नाही. टॅबवर तो एकेक फोटो सरकवत होता. फिक्या गुलाबी कमानी, जांभळट पडदे, काचेच्या हंड्या, मोराच्या आकाराचं काहीतरी. आई मान हलवत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. मनानं ती घरातून निघालीच नव्हती म्हणा, अंगानं तेवढी आली होती.

मग तो फोटो आला, डेकोरेटर ज्याला फुलांची चादर म्हणाला तो. नवरी चालत येतेय, तिच्या डोक्यावर मोगऱ्याच्या माळांचं छत, चार कोपऱ्यांना चार काठ्या, आणि काठ्या धरलेली चार मुलं. माळा चारी बाजूंनी खाली सोडलेल्या, गुडघ्यापर्यंत.

आई पुढं झुकली. तिनं विचारलं, यात नवरीबरोबर कोण असतं?

"कोणी नाही काकू. नवरी एकटीच. चार भाऊ काठ्या धरतात. गाणं लागतं, ड्रोन वरून शूट घेतो. दुसरं कोणी मधे आलं की फ्रेम बिघडते."

"आणि मामा?" आईनं विचारलं.

"मामांना स्टेजवर घेऊ की. नाहीतर नाही घेतलं तरी आता कुणी विचारत नाही."

आई माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. तिला काय सुचलंय ते मला त्याच क्षणी समजलं, आणि मला समजलंय हे तिलाही समजलं. नाही म्हणायला ती जागा होती. मामा मला घेऊन येईल, बाकी काय लावायचं ते लावा, एवढं एक वाक्य. मी म्हणाले, "मलाही हेच आवडलं." आणि पुढं जाऊन हेही विचारलं की माळा जरा दाट लावता येतील का. हा दाटपणाचा प्रश्न आईनं विचारलेला नाही, तो मी विचारला.

आईवर सगळं ढकलून मोकळं होणं मला सोपं आहे. पण मलाही भीती होतीच. मुलगा मला आवडला होता. आणि दुसरं म्हणजे, मी अठरा वर्षांची झाल्यापासून आंघोळ करताना माझी कोपरं, गुडघे, बोटांच्या पेरांवरची कातडी तपासत आले होते. डास चावून जरा फिकट डाग राहिला तरी दोन-दोन आठवडे झोप उडायची. ज्याच्या हातच्या भाकरी खाऊन मी मोठी झाले, त्याच्यासारखं आपण होऊ नये म्हणून मी रोज अंग तपासत होते. ही गोष्ट आईला माहीत नव्हती. मामाला कदाचित माहीत असेल, त्याला न सांगता बरंच कळतं.

परत येताना आम्ही एसटीत शेजारी बसलो. राहुरीला मी विचारलं, मामाला काय सांगायचं? आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, नवीन पद्धत आलीय म्हणून सांगू, त्यात काय. घरी वडिलांना चादरीचं सांगितलं तर ते म्हणाले, चादर दर्ग्यावर चढवतात, माणसावर कशाला. पण त्यांनाही हिशेब कळला असावा, कारण नंतर ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घरात सगळ्यांना सगळं कळत होतं, बोलत कुणीच नव्हतं.

मामाला फोन आईनंच केला. मी शेजारी गहू निवडत बसले होते. आई खूप बोलली. ड्रोनचं सांगितलं, फ्रेमचं सांगितलं, पोरीची हौस आहे म्हणून सांगितलं. पोरीची हौस हे शब्द ऐकून मी मान वर केली नाही. शेवटी आई म्हणाली की आपला नगरचा चुलतभाऊ स्टेजवर उभा राहील, त्याला सगळी माहिती आहे, तू आपला निवांत बस. पलीकडून मामा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. आईनं फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. मला दे म्हणाले असते तर तिनं फोन दिला असता. मी म्हणाले नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मामा आला. पिशवीत पिवळी साडी, बांगड्या, आणि स्वतःसाठी नवा पांढरा शर्ट, पूर्ण बाह्यांचा. साडी त्यानं शेवगावात स्वतः निवडली होती. चांगली जाड, लाल काठांची, हळदीसारखी पिवळी. डेकोरेटरच्या फिकट गुलाबीपुढं ती भडक दिसेल अशी मैत्रिणींत कुजबुज झाली. गौरीहरापुरती नेसायची आणि लगेच बदलायची असं ठरलं. मी ती साडी अंगावर ठेवली असेल दहा मिनिटं.

लग्नाच्या दिवशी सकाळी लॉन्सवर डेकोरेटरची माणसं मोगऱ्याच्या माळा दोऱ्यांवर बांधत होती. ओल्या गोणपाटात फुलांचे ढीग होते. मामा लवकर उठून तिथं जाऊन उभा राहिला होता. मी खोलीच्या खिडकीतून बघत होते. त्यानं एक माळ उचलली, वास घेतला, बांधणाऱ्याला काहीतरी विचारलं. मग उकिडवा बसला आणि त्यानं मनगटाची बटणं सोडून बाह्या वर सारल्या. फुलांना हात लावायचे तर बाह्या भिजू नयेत म्हणून असेल. तेवढ्यात आई तरातरा तिथं गेली. आवाज न चढवता म्हणाली, "दादा, तू जेवणाकडं बघ. तिकडं आपलं माणूस पाहिजे." त्यानं माळ गोणपाटावर ठेवली, बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि जेवणाच्या मंडपाकडं गेला. आईनं मागं वळून खिडकीकडं पाहिलं. मी आरशापुढं जाऊन बसले.

साडेबाराचा मुहूर्त. ऊन असं की कमानीखालचे कार्नेशन माना टाकून बसले होते आणि एक माणूस पंपानं त्यांच्यावर पाणी मारत फिरत होता. मोगरा मात्र तग धरून होता. चार चुलतभावांनी काठ्या धरल्या, मी मधे उभी राहिले, आणि आम्ही गाणं लागायची वाट बघत होतो. एवढ्यात गुरुजींनी माईक हातात घेतला. त्यांना ड्रोनचं आणि फ्रेमचं कुणी सांगितलं नव्हतं. जन्मभर जे म्हणत आले तेच ते म्हणाले. वधूचे मामा, वधूला घेऊन या.

डेकोरेटर हातानं नको नको करत होता. गुरुजींचं लक्ष नव्हतं. त्यांनी पुन्हा हाक मारली, मुलीचे मामा कुठं आहेत? आणि तिसऱ्यांदा, अहो मामा, वेळ होतेय.

मी माळांच्या आतून बघत होते. दाट मागितल्या होत्या तरी मधून दिसत होतं. लॉनच्या पलीकडच्या टोकाला, जेवणाच्या मंडपाच्या कडेला मामा उभा होता. पहिल्या हाकेला त्यानं गळ्याभोवतीचं उपरणं काढून हातात घेतलं. दुसऱ्या हाकेला तो दोन पावलं पुढं आला. तिसऱ्या हाकेला तो सरळ माझ्या दिशेनं बघत होता. एवढ्या लांबून त्याला मी दिसत होते की नाही कोण जाणे. मी हात बाहेर काढू शकले असते. माळा बाजूला सारून हाक मारू शकले असते. माझ्या हातावरची मेंदी कधीच वाळून गेली होती, पण मी दोन्ही हात असे धरून उभी होते जणू अजून ओली आहे.

आईचा नगरचा चुलतभाऊ पुढच्या रांगेतून उठला, हात वर करून हसला आणि स्टेजवर चढला. टाळ्या पडल्या. गाणं लागलं. मी चालायला लागले. पुन्हा तिकडं बघायला मी मान वळवली नाही.

लग्न लागलं. मान-पानाच्या वेळी सासूबाईंनी मुलीच्या मामासाठी आणलेला फेटा आणि शाल पुढं केली. आईनं चुलतभावाला ढकललं. सासूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग आईकडं, मग माझ्याकडं. क्षणभरच. मग त्यांनी फेटा त्याच्या हातात दिला आणि नमस्कार केला. मला तेव्हा वाटलं, उन्हानं थकल्यात.

निघायच्या वेळी सगळे गळ्यात पडून रडले. मामा गाडीच्या मागच्या बाजूला, गर्दीच्या बाहेर उभा होता. मी काचेतून पाहिलं तेव्हा त्यानं हात वर केला. मी केला की नाही ते आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं सोयीचं आहे.

त्यानंतर सहा महिने मी मामाशी बोलले नाही. त्याचा फोन यायचा नाही आणि मला करवत नव्हता. आई मात्र खुशीत होती. कसं निभावलं बघ, असं तोंडानं म्हणाली नाही, पण तिचं चालणं-बोलणंच सांगत होतं.

दिवाळीच्या आधी सासूबाई आणि मी नगरच्या घरातलं कपाट आवरत होतो. मधेच त्या सहज म्हणाल्या, "तुझे मामा लग्नात स्टेजवर का नव्हते गं?"

मी म्हणाले, होते की.

"ते नव्हेत. शेवगावचे."

माझ्या हातातल्या साड्या मी नीट ठेवल्या, घडीवर घडी येईल अशा. सासूबाई पलंगावर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. सुपारीच्या आधी, एका रविवारी सकाळी, मामा त्यांच्या घरी आला होता. पत्ता विचारत विचारत. फाटकातच उभा राहिला, आत येईना. त्यांनी कोण, काय विचारलं तर आधी त्यानं उपरणं काढलं, मग मनगटाची बटणं सोडली आणि बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. म्हणाला, मी मुलीचा मामा, हे असं आहे, आमच्या घरात दुसऱ्या कुणाला नाही, पण तुम्ही आधी बघून घ्या. नंतर कळलं तर पोरीला त्रास होईल. माझं लग्न अशा न सांगण्यामुळं मोडलं, तिचं मोडायला नको.

सासूबाईंनी त्याला घरात घेतलं, चहा केला. चहा प्यायच्या आधी त्यानं तीनदा विचारलं की तुमची हरकत तर नाही. त्या म्हणाल्या, नाही. मग त्यानं चहा प्यायला आणि जाताना एवढंच मागितलं, की मी येऊन गेलो हे मुलीच्या घरी सांगू नका. त्यांनी शब्द दिला आणि पाळला. "खरं सांगू का," सासूबाई म्हणाल्या, "मला तोवर थोडी शंका होती. त्यांना बघून माझा होकार पक्का झाला. लग्नात ते दिसले नाहीत तेव्हा मला वाटलं, आमच्याकडून काही चुकलं असेल, म्हणून आले नसतील."

यावरही मी खोटं बोलले. म्हणाले, त्यांची तब्येत बरी नव्हती. सासूबाई मुलांना आयुष्यभर शिकवत आलेल्या, खोटं ऐकायची त्यांना सवय होती. त्या उठल्या आणि पुढचा कप्पा आवरायला घेतला.

म्हणजे ज्या माणसांपासून आम्ही मामाला लपवलं, त्यांच्या घरी तो आधीच चहा पिऊन आला होता. लग्नाच्या दिवशी जेवणाच्या मंडपाशी उभा असताना त्याला हे ठाऊक होतं. सासूबाईंना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हाला, ज्यांनी एवढा घाट घातला त्यांना. हजार माणसांत त्याला बघून दचकणारं, तोंड फिरवणारं नव्या घरातलं माणूस एकही नव्हतं. तोंड फिरवणारी मी होते.

त्याच दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन मामाला फोन केला. त्यानं आवाज ओळखला आणि विचारलं, बरी हायेस का? मी एका दमात सगळं विचारलं, तू गेला होतास, आम्हाला का सांगितलं नाहीस, आईला अजून माहीत नाही. मागं गाय हंबरत होती.

मग तो म्हणाला, "तुज्या आईला सांगू नको. तिला वाटतंय तिनं निभावून न्हेलं. ऱ्हाऊ दे तसंच. लई भ्यालीय ती तवापासनं."

मी आईला सांगितलेलं नाही. ती अजून पाहुण्यांना सांगते की देवानं अब्रू राखली. मी शेजारी बसून ऐकते आणि तोंड मिटून राहते, कारण तोंड उघडलं तर तिच्या उभ्या जन्मातली ही एक जिंकलेली बाजी मी हिसकावून घेईन. तेही माझ्या वाट्याला आलंय.

पण त्या संध्याकाळी मला माझंच पडलं होतं. मला त्याच्या तोंडून काहीतरी बरं ऐकायचं होतं. आईनं सांगितलं म्हणून थांबलो, ऊन होतं, गर्दी होती, काहीही. मी विचारलं, "मग गुरुजी हाक मारत होते तेव्हा पुढं का आला नाहीस? सासूबाईंना तर सगळं माहीत होतं."

"त्यांचं न्हाई काही," मामा म्हणाला. "मी तुज्याकडं बघत हुतो. तू नुसती मान हालवली असतीस तरी आलो असतो."

मी फोन कानाला लावून उभी राहिले. धारेची वेळ झाली म्हणून त्यानंच ठेवला.